बारा जणींचा देवशी

लाभूला ही गोष्ट कळली ती शेजारच्या घरी डोहाळजेवणात, आणि तीही परक्या बायकांच्या तोंडून.

नवागामहून थानला चिनीमातीच्या बेसिनच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका एका रांगेत जेवायला बसल्या होत्या आणि लाभू वाढत होती. कढीचं भांडं घेऊन ती सविताच्या ताटापुढे वाकली, तेव्हा सविता म्हणाली, "भाभी, तुमच्या घरी तर रोज हसून हसून पोट दुखत असेल."

"का गं? आमच्याकडे काय माकडवाला येतो?"

"माकडवाला कशाला हवा? देवशीभाई आहेत ना! परवा त्यांनी सरपंचांची शिंक काढून दाखवली. ह्या आमच्या कंकुमा, छकडा थांबवून खाली उतरल्या आणि रस्त्यावरच बसल्या."

सगळी रांग खदखदली. पोक्त कंकुमासुद्धा पदर तोंडाला लावून हलायला लागली. लाभूच्या हातातली पळी कलंडली आणि कढी सविताच्या पापडावर पडली.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत देवशी घरात जे काही बोलला होता, ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं आणि वर पत्ता लिहायला जागा उरली असती. सकाळी ‘पाणी’. जेवताना ‘ताक’. बाकी सगळ्याला ‘हं’. मुलगी वर्गात पहिली आली तरी ‘हं’, म्हैस आटली तरी ‘हं’. आपल्याला अबोल नवरा मिळाला, ज्याचं त्याचं नशीब, असं म्हणून लाभूने ते कधीच मान्य करून टाकलं होतं. आणि हा माणूस रोज सकाळ-संध्याकाळ बारा बायांना पोट धरधरून हसवत होता!

त्या दिवशी संध्याकाळी तिने सासूला विचारलं, "बा, हे लहानपणी बोलायचे का हो?"

"देवशी? तीन वर्षांचा होईतो आम्ही त्याला मुकाच धरून चाललो होतो. माताजीला नवस बोलले, तेव्हा कुठे एकदा ‘गाय’ म्हणाला. ती पण बकरी होती."

देवशीचा छकडा म्हणजे पुढून फटफटी आणि मागून बैलगाडी. पुढे एकट्या देवशीची सीट, मागे पत्र्याच्या हौद्यात दोन्ही बाजूंना फळ्या. फळ्यांवर सहा सहा बायका गुडघ्याला गुडघा लावून बसत, मधल्या जागेत डबे. नवागाम ते थान बारा किलोमीटर. सकाळी सव्वासातला निघायचं, संध्याकाळी सहाला कारखान्याच्या फाटकावरून परत. एस.टी. यायची दहाला, त्यामुळे ह्या बायांचा पगार देवशीच्या इंजिनावर चालायचा.

दुसऱ्या दिवसापासून लाभू म्हैस बांधायला मुद्दाम रस्त्याकडेच्या बांधावर जाऊ लागली. कपाशीआड उभी राहायची. आधी हसणं ऐकू यायचं, मग इंजिन. मग धूळ उडवत छकडा जायचा आणि पुढच्या वळणावर हसण्याची आणखी एक लाट उठायची. त्या फटफटाटात देवशी काय बोलला ते काही कळायचं नाही. दिसायची फक्त हंसा.

हंसा देवशीच्या पाठीशी अगदी लागून बसायची. तिशीची, हातभर लाल बांगड्या, नवरा सुरतेला हिऱ्याच्या कामावर. पुढची दांडी एका हाताने धरून, मान पुढे काढून ती देवशीचा शब्द न् शब्द आधी स्वतः टिपायची आणि मग वळून मागच्यांना सांगायची. म्हणजे प्रत्येक गोष्ट आधी हंसाची, मग बाकीच्यांची. लाभूचा नंबर त्यात कुठेच नव्हता.

लाभू जळायला लागली. तिने देवशीच्या सदऱ्याचा वास घेऊन पाहिला. डिझेलचा होता. कढीत मीठ जास्त टाकून पाहिलं. तो मुकाट्याने दोन वाट्या प्यायला आणि वर तांब्याभर पाणी. एकदा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज कोण कोण आल्या होत्या?"

"सगळ्या."

"हंसा?"

"हं."

"काय म्हणत होती?"

देवशीने विचार केला. "काही नाही," म्हणाला आणि हात धुवायला उठला.

त्या ‘काही नाही’ने तिची झोप उडाली. आठ दिवसांनी तिने घरात जाहीर केलं की मुलगी मोठ्या शाळेत जाणार, खर्च वाढणार, तेव्हा आपण कारखान्यात कामाला जाणार. सासूने म्हशीचं काय म्हणून विचारलं. लाभू म्हणाली, म्हैस तुमची तुम्ही बघा, तुमच्याशी ती जास्त प्रेमाने वागते. देवशी बाजरीचा रोटला मोडता मोडता थांबला.

"काय गरज?"

"आहे गरज."

"हं," देवशी म्हणाला, पण त्या दिवशी त्याने दुसरा रोटला घेतला नाही.

पहिल्या दिवशी लाभू सात वाजताच जाऊन छकड्यात बसली, ती थेट हंसाच्या जागेवर. हंसा आली, क्षणभर बघितलं आणि काही न बोलता शेवटच्या टोकाला जाऊन बसली. बाकीच्या चढल्या. "या भाभी, या," असं प्रत्येकीने म्हटलं. देवशीने किक मारली. लाभूने दांडी धरली, मान पुढे काढली, कान टवकारले.

बारा किलोमीटर इंजिन बोललं. देवशी नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सविताने विषय काढून दिला, "देवशीभाई, काल सरपंच पुन्हा शिंकले म्हणे." देवशीची पाठ हललीसुद्धा नाही. आठवडा गेला. बायका आता छकड्यात डुलक्या काढायला लागल्या होत्या. कुणी दातांतली सुपारी काढे, कुणी पोराला काल किती ताप होता ते सांगे. सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून लाभूवर यायच्या आणि उडून जायच्या. कुणी देवळात चप्पल घालून आलं आहे आणि सांगायचं कुणी, अशा.

काम मात्र लाभूला जमलं. साच्यातून काढलेलं कच्चं बेसिन ओल्या स्पंजने पुसायचं, शिवण दिसता कामा नये, बोट रुतता कामा नये. तिचा हात हलका होता. संध्याकाळी सगळ्या जणी कोपरापर्यंत आणि भुवयांपर्यंत पांढऱ्या व्हायच्या. तशा पांढऱ्या बायका छकड्यात चढल्या की कोण कोणती तेही पटकन कळायचं नाही. पण देवशीला कळायचं. लाभू चढली की त्याचे खांदे वर जायचे.

दुसऱ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत कंकुमा तिच्या शेजारी येऊन बसली. कारखान्याच्या आवारात कडुनिंब होता, त्याखाली सगळ्यांचे डबे उघडायचे. कंकुमाने स्वतःच्या डब्यातली लसणाची चटणी लाभूच्या रोटल्यावर ठेवली आणि म्हणाली, "वहू, राग मानू नकोस. वजुभाईचा छकडासुद्धा आपल्या वेशीवरूनच निघतो. पाच मिनिटं उशिरा. त्याची फळी पण रुंद आहे."

लाभूला आधी उमजलं नाही. उमजलं तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"म्हणजे? माझ्याच नवऱ्याच्या छकड्यात मला जागा नाही?"

"जागा आहे गं. पण आम्ही दहा तास त्या पांढऱ्या मातीत असतो. येता-जाता तेवढं हसायचो. तू आल्यापासून भाईच्या तोंडात बोळा बसलाय."

"माझ्यामुळे नाही बसला! ज्या बाईमुळे इतकी वर्षं त्याची जीभ सुटायची, ती मागे जाऊन बसली म्हणून बसलाय!" लाभूने बोट थेट हंसाकडे केलं. "पाठीला चिकटून बसायची ना? नवरा सुरतेला, म्हणून दुसरीचा—"

"भाभी, तोंड सांभाळा." हंसाने डबा खाली ठेवला. हसरी बाई, पण चेहरा असा झाला की सविताने तिचा हात धरला. हंसाने तो झटकला. "काय बोलतात ते ऐकायचंय ना तुम्हाला? म्हणून नोकरी धरलीत ना? ऐका मग. सरपंच-बिरपंच कधीतरी. रोज तुम्हीच असता. तुमचीच नक्कल करतात."

आणि हंसा उठून उभी राहिली. कमरेवर हात ठेवले, हनुवटी पुढे काढली आणि समोर म्हैस असल्यासारखी म्हणाली, "काल पाच लिटर, आज साडेतीन? दीड लिटर कुठे ठेवून आलीस? माहेरी?" मग डोळे घट्ट मिटून आमटी चाखली, एक डोळा उघडला, पुन्हा मिटला. मग किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून झोपली आणि झोपेतच दचकून म्हणाली, "किल्ली कुठाय? किल्ली?"

हुबेहूब लाभू होती. बायकांना आवरलं नाही. पहिली सविता फुटली, मग दोघी-तिघी, आणि मग एकदम सगळ्या गप्प झाल्या, कारण लाभूच्या गालावरच्या पांढऱ्या मातीत दोन ओल्या रेघा पडल्या होत्या.

त्या दुपारी लाभूने चार बेसिनं बिघडवली. मुकादम ओरडला, ते तिला ऐकूच आलं नाही. इतकी वर्षं ह्या बारा बायांना तिची झोप ठाऊक होती, तिचा मिटलेला डोळा ठाऊक होता. तिला लाज वाटली, संताप आला. पण स्पंज पिळता पिळता जे खरं दुखत होतं ते वेगळंच आहे हे तिला कळलं. तिचा हंसावरचा राग उडून गेला होता. आता ती जळत होती त्या दुसऱ्या लाभूवर. छकड्यात राहणाऱ्या लाभूवर. त्या लाभूवर देवशीचं बारीक लक्ष होतं, ती आमटी कशी चाखते, झोपेत काय बोलते हे तो टिपून ठेवायचा, तिच्याविषयी बोलताना त्याचे शब्द संपत नव्हते. आणि घरात रोटले थापणाऱ्या लाभूला काय? ‘हं.’

संध्याकाळी ती पुढे बसली नाही. सगळ्यात मागे, रस्त्याकडे पाय सोडून बसली. कुणी तिला हाक मारली नाही. अर्ध्या वाटेवर रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती, म्हणजे पंधरा मिनिटांची निश्चिंती. देवशीने इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की बाभळीवरचे होले ऐकू आले.

"माझी नक्कल ऐकलीत," लाभू मागूनच म्हणाली. "आता ह्यांची ऐका. आमच्या घरी भाषण-बिषण नसतं. एक ‘हं’ असतो. पण तो सात प्रकारचा असतो."

देवशीची पाठ ताठ झाली.

"पहिला, ‘ऐकलं’ असा. हं." तिने तो म्हणून दाखवला. "दुसरा, ‘ऐकलं नाही, पण भांडण नको’ असा. हंऽ. तिसरा, आणखी एक रोटला हवा पण मागायची लाज वाटते, तेव्हा ताटाकडे बघून. हं? चौथा, माझ्या भावाचं नाव निघालं की." हा नाकातून आला, आणि सविताच्या तोंडून खुदकन हसू निसटलं. "पाचवा पहाटे अंगावर गार पाणी पडल्यावरचा. सहावा झोपेतला, तो मला माझ्या ‘किल्ली कुठाय’ला उत्तर म्हणून मिळतो."

हंसा आधी ओठ दाबून बसली होती. सहाव्याला तीही फुटली.

"आणि सातवा म्हैस व्यायली तेव्हाचा. तो मी चौदा वर्षांत एकदाच ऐकला." लाभूने दोन्ही हात छातीशी नेले, डोळे विस्फारले आणि असा काही लांबलचक, कौतुकाने ओथंबलेला ‘हं’ काढला की कंकुमा दांडी धरून वाकली आणि डबे लाथाडले गेले. "मुलगी झाली तेव्हासुद्धा असला नव्हता हो!"

फाटकावरचा माणूस खोपटातून बाहेर येऊन बघायला लागला. बायका हसत होत्या आणि देवशीचे कान मागून लालबुंद दिसत होते. हसणं ओसरलं. तेव्हा, मान न वळवता, रुळांकडे बघत देवशी म्हणाला,

"आठवा राहिला."



"कुठला आठवा?" लाभूने विचारलं.

"बायको माहेरी गेली की येतो तो. घरात कुणी नसतं. आपण खाटेवर बसलेलो असतो. आणि आतून कुणी काही विचारलंय असं वाटून, दाराकडे बघून आपण म्हणतो." आणि त्याने तो म्हणून दाखवला. अगदी बारीक, वर उचललेला.

"हं?"

बायका हसल्या, पण हळू. मग मालगाडी आली आणि पुढचं काही ऐकू येण्यासारखं राहिलं नाही. लाभू मागे बसून डबे मोजल्यासारखं करत होती. तिला आनंद झाला होता, नाही असं नाही. पण आनंदात एक काटा होता. तो आठवा ‘हं’ तिचा होता. तो तिला एकटीला मिळायला हवा होता. बारा जणींत वाटून आला.

त्यानंतर देवशीला कंठ फुटला, पण लगेच नाही. चार दिवस रुसल्यासारखा होता, पाचव्या दिवशी त्याने पाठमोऱ्यानेच लाभूच्या स्पंजने पुसण्याची नक्कल केली. कुणीतरी त्याला सांगितलं असणार. लाभूने मागून उत्तर दिलं. मग ते रोजचंच झालं. बायका फळ्यांवरून इकडे-तिकडे माना वळवत ऐकायच्या. वजुभाईच्या छकड्यातल्या दोघी तिकडची रुंद फळी सोडून इकडे दाटीवाटीने बसायला आल्या. लाभूने हंसाची माफी मागितली, तीही छकड्यात, सगळ्यांदेखत. हंसा म्हणाली, "मागच्या जागेवर माझी हाडं खिळखिळी झाली, भाभी, त्याची माफी वेगळी मागा." आणि आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली.

घरात मात्र काही बदललं नाही. एकदा न राहवून लाभूने ताट वाढता वाढता विचारलं, "तिथे बोलता, मग इथे का नाही?"

देवशीने ताटातून नजर वर काढली नाही. "तिथे पाठ असते," तो म्हणाला. "समोर डोळे दिसले की शब्द अडतो." त्याच्या मानाने हे फार लांब भाषण होतं. ते करून त्याला घाम आला.

पाच वर्षं अशी गेली. लाभू पुसणाऱ्या बायांची मुकादम झाली. मग कारखान्याने बस सुरू केली. फुकट, गाद्यांची, वर पंखा. नवागामच्या बाया एकेक करून बसमध्ये गेल्या. त्यांचं तरी काय चुकलं? पावसात छकड्यात चिंब व्हायचं, उन्हात भाजायचं. कंकुमा आधीच घरी बसली होती. शेवटी छकड्यात उरली एकटी लाभू. देवशी म्हणाला, तूही जा. ती म्हणाली, मला बस लागते. बसमध्ये तिला कधी काही लागलं नव्हतं.

आता पुढची जागा तिची होती, दांडी तिची, पाठ तिची. पहिले काही दिवस ती राणीसारखी गेली. देवशी बोलायचा, ती ऐकायची. बस त्यांना मागे टाकून जाताना खिडकीतून हंसा बघायची आणि लाभू मुद्दाम मान मागे टाकून हसायची. बघ म्हणावं. पण महिनाभरात तिच्या ध्यानात आलं की देवशीच्या गोष्टी आखूड व्हायला लागल्यात. तो सुरुवात करायचा, लाभू हसायची, आणि ते एकटं हसू इंजिनाच्या आवाजात कुठल्या कुठे विरून जायचं. तो मग ‘असो’ म्हणून गप्प व्हायचा. इतकी वर्षं जे एकटीसाठी हवं होतं ते हातात आलं होतं आणि ते पुरत नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

एका सोमवारी ती वेशीवर गेली. बसला यायला वेळ होता, बाया घोळक्याने उभ्या होत्या. लाभूने छकड्याच्या मागच्या टोकाला येऊन हाक मारली,

"हंसा, चल ये."

"कशाला? आमच्या बसला पंखा आहे."

"पंखा बोलतो का?"

हंसाने सविताकडे बघितलं. सविता म्हणाली, माझ्या कमरेला ते धक्के झेपायचे नाहीत बाई. हंसा थोडी थांबली, मग डबा घेऊन चढली आणि सवयीने सरळ पुढे देवशीच्या पाठीशी जाऊन बसली. देवशीने किक मारली. वळण पार होईपर्यंत त्याने कारखान्याचा नवा तोतरा साहेब सुरतच्या गाडीचं तिकीट कसं काढतो ते सुरू केलं होतं, आणि हंसा मान पुढे काढून, दांडी धरून, पूर्वीसारखी खदखदत होती.

पुढची जागा पुन्हा हंसाची झाली होती. लाभू उठली, चालत्या छकड्यात एका हाताने फळी धरत पुढे गेली आणि म्हणाली, "जरा सरक गं. मला ऐकू येत नाही."

हंसा चार बोटं सरकली.